कापडाला कापड

मी गाव सोडलं त्या दिवशी रेवसला ओहोटी होती. ओहोटीला लाँच बंदराला लागत नसे. ती लांब खाडीत उभी राहायची आणि माणसांनी गुडघाभर चिखल तुडवत होडीपर्यंत जायचं, मग होडीने लाँचपर्यंत. एका हाताने मी नवं लुगडं सावरलं होतं, दुसऱ्या हातात पत्र्याची ट्रंक होती आणि डोक्यावर आईने बांधून दिलेलं गाठोडं. गाठोडं म्हणजे गोधडीच. तिच्या पोटात वाल, दोन नारळ आणि पांढऱ्या कांद्याची माळ. आई चिखलातून माझ्या मागोमाग येत होती. रडत बिलकूल नव्हती, होडीवाल्याशी भांडत होती.

"पोर पयल्यांदा जातंय. भिजली तर तुझ्या दारात येऊन बसेन."

होडीवाला ओळखीचा. तो म्हणाला, "मावशे, पोर कोरडी पोचवतो, पन तू कंबरेपर्यंत आलीस, आता मागं फिर."

मग ती फिरली. जाताना एवढंच म्हणाली, "सुमे, मामाकडं नीट ऱ्हा. आनि कुनी काय बोललं तर लगेच उलट बोलू नको, थोडं थांबून बोल." माझा स्वभाव तिला पुरता ठाऊक होता.

स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली असतील तेव्हा. मामाने मुंबईत शिवणकामाच्या वर्गात माझं नाव घातलं होतं. थळ आणि रेवसच्या मधल्या आमच्या गावातून पुरुष मुंबईला जायचे. गिरणीत, गोदीत, कुठे कुठे. बाईमाणूस शिकायला म्हणून गेलेलं कुणी पाहिलं नव्हतं. लाँच सुटली तशी चार बाया माझ्या गाठोड्यावर ऐसपैस बसल्या, आणि भाऊचा धक्का येईपर्यंत मी उभी. आयुष्यात पहिल्यांदा थोडं थांबून बोलायचं ठरवलं आणि तेवढ्यात मुंबई आली.

तुम्ही जे मागे राहिलात त्यांना वाटतं, मुंबईला गेलेलं माणूस लगेच मुंबईचं होतं. आणि जे माझ्यासारखे निघून आले त्यांना ठाऊक आहे की तसं काही होत नाही. कपडे आधी बदलतात. मी लुगडं सोडून पातळ नेसायला लागले, चूल सोडून स्टोव्हला पिन मारायला शिकले, विहीर सोडून नळाच्या वेळा पाठ केल्या. ब्लाऊज, टेप, कटपीस, कापडाचा रुंद पन्हा, पहिल्या तारखेचा पगार असे शब्द तोंडात बसले. लग्न झालं. आमचे हे छापखान्यात खिळे जुळवायचे. माणूस भला; दिवसभर शिशाची अक्षरं उलटी वाचून घरी यायचा आणि मी बोलले ते मात्र सुलट समजून घ्यायचा. मला मुलींच्या शाळेत शिवण शिकवायची नोकरी लागली. सगळं बरं चाललं होतं. पण जिभेवर भात यायचा तो गावच्याच तांदळाचा, आणि नाकात वास यायचा तो खाडीचा.

आठवण आली की मी रडत नाही, मला राग येतो. आणि राग आला की मी सुई घेते. शाळेत मुलींच्या कापडाचे उरलेले तुकडे मी पिशवीत भरून आणायचे. एकदा असाच राग आला आणि मी तपकिरी, करडे, मातकट तुकडे एकमेकांना जोडत सुटले. रेवसचा चिखल शिवला मी. ओहोटीचा, चकचकीत, मधून पाण्याच्या रेघा असलेला. ह्यांनी बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "कॉफी सांडली का गं?" मी थोडं थांबून बोलले, पण बोलले.

त्यानंतर शिवतच गेले. भाताची आवणं, नारळीच्या वाड्या, थळच्या किनाऱ्यावर मासळी वाळत घातलेल्या काठ्या. सगळं जुन्या कापडाचं, आई घालते तसल्याच धावदोऱ्याने. नव्या कापडाला मी हात लावला नाही. नवं कापड सुईला दाद देत नाही, आणि त्याच्यात कुणी राहिलेलंही नसतं.

सगळ्यांत मोठं झालं ते मिठागर. भात कापून झालं की बाबा धरमतरच्या खाडीवर मिठागरावर कामाला जायचे, ते पाऊस जवळ आला की परतायचे. मी मुंबईला आल्यावर काही वर्षांनी ते गेले. आईने त्यांची दोन धोतरं माझ्या हातात दिली, "तुझ्याजवळ ऱ्हाऊ देत" म्हणाली. ती बरीच वर्षं ट्रंकेत होती. मग एका उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्यांचे चौकोन कापले आणि मधून माझ्या जुन्या निळ्या पातळाच्या पट्ट्या घातल्या. पांढरे वाफे, निळं पाणी. शिवून झाल्यावर जमिनीवर पसरलं आणि बघत बसले. मला फार आनंद झाला. हे माझ्या हातून झालं याचा गर्व झाला म्हटलं तरी चालेल.

आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंनी ते पाहिलं आणि मला धरून कांतीभाईंकडे नेलं. कांतीभाईंचं तसबिरींच्या चौकटींचं दुकान होतं आणि वरच्या मजल्यावर एक लांबट खोली. तिला ते आर्ट गॅलरी म्हणायचे. चार भिंती, दोन पंखे, एक जिना. माझी कापडं पाहून ते म्हणाले, "बेन, फर्स्ट क्लास. आठवडाभर लावू. पण एक बात, इथे म्युझियम नाय. जे भिंतीवर लागेल ते विकायला लागेल."

इथे मी अडले. का ते सांगते. आमच्याकडे गोधडी विकत नाहीत. घरातल्या माणसांची अंगावर वापरून विरलेली कापडं तिच्यात असतात. ती विकायची म्हणजे घरचं माणूस बाजारात मांडल्यासारखं. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण मी मनाशी म्हणत होते, ही गोधडी कुठे आहे, हे तर चित्र आहे. आणि एवढी वर्षं शिवून शिवून मला हवं होतं की कुणीतरी बघावं. खरं सांगायचं तर आईने बघावं. तिने बघून बरं म्हणावं. बाकी मुंबईने काय म्हणायचं ते म्हणावं.

म्हणून मी मुद्दाम गावी गेले बोलवायला. आई पडवीत वाल सोलत बसली होती. मी सगळं सांगितलं. हॉल, पंखे, ह्यांनी छापलेली निमंत्रणं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "टांगनार व्हय भिंतीला?"

"हो."

"आनि विकनार."

"हो. पण आई, ती चित्रं आहेत."

"त्यात तुझ्या बापाचं धोतर हाय का न्हाय?"

"आहे."

"मंग तुझ्या बापाला विकनार तू," ती म्हणाली आणि पुढचा वाल सोलायला घेतला.

मी कितीतरी बोलले. तिने जेवायला वाढलं, डोक्याला तेल लावलं, निघताना डाळिंब्या बांधून दिल्या. पण येईन म्हणाली नाही. परतताना लाँचवर मी सबंध वाटभर तिच्याशी मनात भांडत होते.

प्रदर्शन सुरू झालं. पहिल्या दिवशी बरीच माणसं आली. बूट घातलेले पुरुष, बिनबाह्यांच्या ब्लाऊजमधल्या बायका, दाढीवाले दोन चित्रकार. "वंडरफुल" हा शब्द मी त्या दिवशी पोटभर ऐकला. कांतीभाईंनी प्रत्येक कापडाखाली किमतीची चिठ्ठी डकवली होती. मिठागर समोरच्या भिंतीवर, दारातून आत आलं की नजरेत भरेल असं. मी हसत होते, नमस्कार करत होते, पण त्या भिंतीकडे पाठ करून उभी राहत होते. उद्या कुणी ते मागितलं तर मी काय करणार होते, मलाच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जिन्यावर बांगड्या वाजल्या. बघते तर आई. मागे शेजारची भिकीकाकू, हातात पितळी डबा. दोघी सकाळच्या लाँचने आल्या होत्या आणि धक्क्यावरून विचारत विचारत इथवर पोचल्या होत्या. वहाणा त्यांनी जिन्याखालीच काढल्या होत्या. माझ्याकडे न बघताच आईने विचारलं, "कुठं टांगलंस तुझ्या बापाला?"

सांगायला लागलंच नाही. तिला समोर दिसलंच. ती जवळ गेली. हात लावू नये अशी पाटी होती, पण आईला वाचता येत नव्हतं, आणि आलं असतं तरी काही फरक पडला नसता. तिने एक कोपरा उचलून मागची बाजू पाहिली, टाके पाहिले, धोतराच्या चौकोनावरून पालथा हात फिरवला.  मग ती वळली आणि मला रागाने म्हणाली, "काल धरनं उभा हाय व्हय हा असा? अगं, दमला असंल. आडवा कर त्याला."

कांतीभाई धावत आले. "माजी, टच नाय करायचा."

"तू कोन?"

"मी मालिक."

"गोधडीचा?"

"नाय, गॅलरीचा."

"मंग तू तुझी भिंत सांभाळ," आई म्हणाली आणि भिकीकाकूने एका बाजूचे खिळे काढायलासुद्धा घेतले.

मिठागर जमिनीवर आलं. आईने ते हाताने सारखं केलं, आपण कडेला मांडी घालून बसली आणि काकूला म्हणाली, "सोड गं डबा, भूक लागली." तांदळाची भाकरी आणि सुकट. आर्ट गॅलरीत सुकटीचा वास पसरला. कांतीभाई पक्के शाकाहारी. नाकाला रुमाल लावून "जरा हवा खाऊन येतो" म्हणत खाली गेले. मी काय करू, हसू की रडू? मी पण बसले आणि भाकरीचा तुकडा मोडला. किती दिवसांनी जेवण गोड लागलं.

एवढ्यात गुलबाई आल्या. पारशी बाई, वय आईएवढंच. आदल्या दिवशीही त्या येऊन गेल्या होत्या आणि मिठागरासमोर बराच वेळ थांबल्या होत्या. जमिनीवरची पंगत बघून त्या जरा बिचकल्या, पण मग खुर्ची ओढून आमच्याजवळच बसल्या. म्हणाल्या, "मला ते व्हाईटवालं पायजे."

माझ्या हातातला घास तसाच राहिला. आईने सावकाश हात पुसले. "काय करनार तू त्याचं?"

"दिवाणखान्यात लावीन. पियानोच्या वर."

"अंगावर कोन घेनार?"

"अंगावर? अंगावर कोण नाय घेणार."

"मंग न्हाय," आई म्हणाली.

कांतीभाई तोवर वर आले होते आणि त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. गुलबाई मात्र रागावल्या नाहीत. उलट त्यांना गंमत वाटली. "तुमच्या गावाला गोधडी पायजे असेल, तर माणूस काय करते?"

"कापडाला कापड," आईने सांगितलं. ज्याला गोधडी हवी त्याने आपल्या घरचं वापरून मऊ झालेलं कापड आणायचं, शिवणारीने त्यात आपलं थोडं घालायचं, म्हणजे ती दोन्ही घरांची होते. "आनि शिलाईचं काय ते घ्यावं. हाताचं घ्यावं, कापडाचं घेऊ न्हाय."

हा रिवाज मला लहानपणापासून माहीत होता. बोर्लीकडच्या आत्याच्या घरी, मोठ्या वहिनीच्या माहेरी, आमच्या गोधड्या अशाच गेल्या होत्या. पण तो मुंबईला लागू पडेल असं माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. मला वाटे, इथे चालायचं तर इथल्यासारखंच चालायला हवं. आणि आई आपली सुकट खाता खाता एका पारशी बाईला आमच्या वहिनीच्या माहेरच्यांसारखं वागवत होती.

दुसऱ्या दिवशी गुलबाई कागदात गुंडाळून त्यांच्या यजमानांची डगली घेऊन आल्या. पारशी पुरुष घालतात तो पांढरा, बंदांचा अंगरखा. धुऊन, इस्त्री करून आणला होता. आईने तो बोटांत चुरून पाहिला.

"मऊ हाय. लई वापरलाय. गेला काय मानूस?"

"गेला."

"माझा पन." आई माझ्याकडे वळली. "सुमे, बापाच्या धोतराचा काठबीठ उरलाय का? ह्यांच्या गोधडीत घाल. दोघं बसतील बोलत."

गुलबाई म्हणाल्या, "माझ्या धन्याला मराठी नव्हती येत."

"माझा तरी कुठं बोलायचा," आई म्हणाली, आणि दोघी अशा हसल्या की खालच्या दुकानातली गिऱ्हाइकं वर बघायला लागली.

मग काय, बातमी पसरली. माणसं पिशव्या घेऊन यायला लागली. कुणाचा आजीचा फाटलेला शालू, कुणाचा मुलाचा शाळेचा सदरा, एका दाढीवाल्या चित्रकाराने रंगांनी माखलेली स्वतःची लुंगी आणली. किमतीच्या चिठ्ठ्या काढून टाकाव्या लागल्या. कांतीभाई जिन्यात डोकं धरून बसले. "बेन, ही आर्ट गॅलरी हाय की बोहारणीची पाटी?" पण शिलाईची गिऱ्हाइकं एवढी नोंदली गेली की आठवड्याच्या शेवटी त्यांनीच त्यांच्या बांचा, म्हणजे आईचा, एक विटका साडला गुपचूप आणून माझ्यापुढे ठेवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी तो घडी घालून वेगळा ठेवला.

आई आमच्याकडे आठवडाभर राहिली. रोज गॅलरीत यायची आणि येणाऱ्याला तिथे बसवून घ्यायची. कुठलं कापड कुणाचं, ते विचारायची. पण माझं काम बरं झालंय की वाईट, याबद्दल चकार शब्द नाही. मला विचारवत नव्हतं. जाण्याच्या दिवशी सकाळी तिने मिठागराची घडी घातली आणि काखेत मारली. "ह्याला घरी नेते," म्हणाली. मी म्हटलं, "ने." प्रदर्शनातलं माझं सगळ्यांत चांगलं काम हातातून चाललं होतं, आणि मला हलकं वाटत होतं.

तरी राहवेना. मी विचारलंच, "आई, सांग ना. जमलं का मला?"

ती खोलीत इकडेतिकडे बघत म्हणाली, "तुझं एक जुनेर दे."

"कशाला?"

"घरच्या गोधडीला. दर साली दिवाळीआधी शिवते मी, तुला ठावं हाय ना. भावाचं असतं, वयनीचं असतं, पोरांचं असतं. तू गेल्यापासनं तुझं कापड आलं न्हाय त्यात. मी कधी मागितलं न्हाय, म्हटलं, ही आता मुंबैची." तिने काखेतली घडी सारखी केली. "ते मिठागर बघितलं आनि वाटलं, न्हाय, ही आपलीच हाय. मागावं."

मी कपाट उघडलं. जुनं एकही पातळ शिल्लक नव्हतं. सगळी कापून मी भिंतीवर लावली होती. एकच होतं, रोज स्वयंपाकात नेसायचं, हळदीच्या डागांचं, आणि ते त्या वेळी माझ्या अंगावर होतं. मी मोरीत जाऊन दुसरं नेसले आणि ते बदललेलं, माझ्या अंगाने अजून गरम असलेलं, तिच्या हातात दिलं. तिने ते मिठागराच्या घडीत ठेवलं. तेव्हा मात्र मी रडले. राग वगैरे काही आला नाही.

आता दर दिवाळीआधी माझं एक पातळ लाँचने गावी जातं. इथे माझ्या खोलीत मुंबईची कापडं येतात, डगल्या, फ्रॉक, गणवेश, आणि मी ती शिवते. ह्यांना त्यातलं काही कॉफी सांडल्यासारखं दिसतं, काही नाही. लोक विचारतात, बाई, तुमचं घर कुठलं? पूर्वी मी गावाचं नाव सांगायचे आणि मग सांगायचे की आता तिथे नसते. आता तसं सांगत नाही. पौषात आमच्याकडे खाडीवरून बोचरा वारा येतो, आणि तेव्हा माझ्या भावाची पोरं मला अंगावर ओढून झोपतात.